टाकलेली गाडी, टाकून दिलेली गाडी

दुरुस्तीसाठी गाडी देणं याला मराठीत 'गाडी गॅरेजला टाकणं' म्हणतात. त्याच क्रियापदाला 'देणं' जोडलं की अर्थ पालटतो. टाकली म्हणजे परत आणायची आहे, टाकून दिली म्हणजे आता तिच्याशी संबंध नाही. दिल्ली आणि भोवतालच्या नोएडा, गाझियाबाद, गुरुग्राम, फरिदाबादमधल्या गॅरेजांत वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या गाड्यांचे वाद नेमके या दोन अर्थांच्या मधल्या जागेत अडकलेले असतात. मालक म्हणतो, मी टाकली होती. गॅरेजवाला म्हणतो, तुम्ही टाकून दिलीत. कायद्याला मात्र यांपैकी पहिलंच क्रियापद येतं.

ओखला, मायापुरी, पटपडगंज किंवा नोएडाच्या जुन्या सेक्टरांमधून फिरताना अशा गाड्या ओळखू येतात. टायर बसलेले असतात, काचेवरच्या धुळीत कुणीतरी बोटाने नाव लिहिलेलं असतं, बॉनेटखालच्या वायरी उंदरांनी कुरतडलेल्या असतात. प्रत्येकीमागे एक रखडलेला हिशेब असतो. तो हिशेब कसा मांडावा याबद्दल आज कोणती मतं आहेत आणि कुठे एकमत नाही, याचा हा आढावा.

ठेवीचा जुना नियम

दुसऱ्याच्या हाती विश्वासाने सोपवलेली वस्तू हा आपल्याकडे फार जुना विषय आहे. मनुस्मृतीने सांगितलेल्या अठरा व्यवहारपदांत ऋणादानानंतर लगेच निक्षेप येतो, म्हणजे ठेव. तिथला एक नियम या वादाला थेट लागू पडतो. आपल्या डोळ्यांदेखत दुसरा माणूस आपली वस्तू दहा वर्षं वापरत असेल आणि आपण गप्प बसलो, तर ती परत मागता येत नाही. पण या नियमाला अपवादांची यादी आहे आणि तीत तारण, गावाची शीव, अज्ञान मुलाचं धन यांच्याबरोबर निक्षेपही आहे. ठेव कितीही वर्षं पडून राहिली तरी ठेवणाऱ्याचीच.

इंग्रजी अमदानीत आलेला १८७२ चा भारतीय करार कायदा वेगळ्या वाटेने जवळपास तिथेच पोहोचतो. त्याच्या कलम १४८ प्रमाणे काही विशिष्ट कामासाठी वस्तू सोपवली आणि काम झाल्यावर ती परत करायची असेल, तर तो निक्षेप. गॅरेज हे त्याचं चोख उदाहरण. कलम १५१ गॅरेजवाल्यावर सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी घेण्याची जबाबदारी टाकतं, कलम १६० काम संपताच वस्तू परत करायला सांगतं. कलम १७० त्याला एक हत्यार देतं : वस्तूवर श्रम किंवा कौशल्य खर्च केलं असेल, तर मोबदला मिळेपर्यंत ती रोखून धरता येते. यालाच धारणाधिकार म्हणतात. कायद्यातली उदाहरणं तेव्हाच्या काळाला शोभणारी आहेत : पैलू पाडायला दिलेला हिरा आणि शिंप्याकडे दिलेलं कापड. शिंप्याने कोट शिवून झाल्याबरोबर द्यायचं आणि पैशांसाठी तीन महिन्यांची सवलतही कबूल केली असेल, तर त्याला कोट अडवून ठेवता येत नाही. उधारीवर काम करणाऱ्या गॅरेजवाल्यांनी हे दुसरं उदाहरण जरूर वाचावं.

खरी मेख पुढे आहे. कलम १७० धरून ठेवायचा अधिकार देतं, विकायचा नाही. तारण घेणाऱ्या सावकाराला रीतसर नोटीस देऊन वस्तू विकता येते, ते कलम १७६. रस्त्यात सापडलेली वस्तूसुद्धा काही परिस्थितींत विकता येते. मालक सापडत नसेल किंवा सापडूनही खर्च देत नसेल, आणि वस्तू नासत चालली असेल किंवा सापडणाऱ्याचा वाजवी खर्च तिच्या किमतीच्या दोन तृतीयांशापर्यंत गेला असेल, तर कलम १६९ तशी मुभा देतं. म्हणजे रस्त्यात सापडलेल्या वस्तूला वाट आहे, आणि मालकाने स्वतःच्या हाताने किल्ली देऊन सोपवलेल्या गाडीला नाही.

मूळ इंग्रजी कायद्यातही ही फट होती. इंग्लंडने ती १९५२ मध्ये न नेलेल्या वस्तूंच्या विल्हेवाटीचा खास कायदा करून आणि पुढे १९७७ च्या कायद्याने बुजवली. आता तिथला कारागीर आधी वस्तू घेऊन जाण्याची नोटीस देतो. पैसे येणं असेल तर विक्रीच्या नोटिशीनंतर किमान तीन महिने थांबतो, मग विकतो, आपलं येणं वळतं करून उरलेली रक्कम मालकासाठी ठेवतो. आपण १८७२ चा कायदा घेतला, ही नंतरची डागडुजी मात्र घेतली नाही.

गॅरेजवाल्याचा हिशेब

गॅरेजवाल्यांची बाजू सहसा खलनायकी रंगात रंगवली जाते, म्हणून ती नीट मांडायला हवी. दिल्लीत जागा हेच भांडवल. चार गाड्यांच्या जागेत एक गाडी वर्षभर अडून राहिली, तर धंद्याचा चौथा हिस्सा बंद पडतो, भाडं मात्र चालूच राहतं. मालक फोन उचलत नाही, एस्टिमेट मंजूर करत नाही, नाहीही म्हणत नाही. म्हणून बहुतेक जॉब कार्डांच्या पाठीमागे बारीक अक्षरात ओळ असते : अमुक दिवसांत गाडी नेली नाही तर दिवसाला इतके रुपये पार्किंग.

हे पार्किंग मागता येतं का? इथे जुनी इंग्रजी परंपरा गॅरेजवाल्याच्या विरोधात जाते. १८६० मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्ससमोर एका जहाजाचा खटला आला होता. दुरुस्ती करणाऱ्याने पैशांसाठी जहाज गोदीत अडवलं आणि अडवलेल्या दिवसांचं भाडंही मागितलं. न्यायाधीश म्हणाले, तू ते स्वतःच्या फायद्यासाठी अडवलंस, त्याचा खर्च मालकाने का द्यायचा? सव्वाशे वर्षांच्या आतच त्याच सभागृहाने दुसरी बाजूही मान्य केली, आणि त्या खटल्यात एक पक्ष आपल्या ओळखीचा होता : भारतीय अन्न महामंडळ. १९७५ मध्ये महामंडळाचा गहू घेऊन येणारं 'विन्सन' हे जहाज दक्षिण चीन समुद्रात खडकावर चढलं, सुटका करणाऱ्यांनी गहू मनिलाला नेऊन गोदामात ठेवला. मालक काही हालचाल करत नसताना वस्तू जपण्यासाठी केलेला वाजवी खर्च मिळाला पाहिजे, असा निर्णय लॉर्ड डिप्लॉक यांनी दिला.

दोन्ही तत्त्वं एकत्र वाचली तर फरक हेतूचा दिसतो. स्वतःचे पैसे वसूल करायला गाडी अडवली असेल तर भाडं नाही, 'घेऊन जा' म्हणूनही मालक येत नसेल तर जपणुकीचा खर्च. कागदावर ही रेघ स्वच्छ आहे. व्यवहारात एकच गॅरेजवाला सोमवारी 'पैसे दिल्याशिवाय नेऊ देणार नाही' आणि गुरुवारी 'घेऊन जा रे बाबा' असं म्हणतो, आणि दोन्हींचा पुरावा व्हॉट्सॲपवर असतो. माझ्या मते 'घेऊन जा' अशी लेखी मागणी ज्या तारखेला पोचली, त्या तारखेपासूनच वाजवी भाड्याचा विचार व्हावा. त्याआधीचं पार्किंग हे दुरुस्तीच्या धंद्याचाच खर्च.

दुसरा मुद्दा काम न झालेल्या गाडीचा. धारणाधिकार 'केलेल्या' कामासाठी आहे. इंजिन उघडून नुसतं तपासलं आणि एस्टिमेट पाहून मालक हबकला, तर गॅरेजवाल्याच्या हाती काय उरतं? तपासणीचा मोबदला आधी ठरला असेल तर तेवढ्यापुरता हक्क सांगता येईल. ठरला नसेल तर उघडलेलं इंजिन, रागावलेला मालक आणि कुणालाच नको असलेली गाडी, एवढंच.

मालकाच्या तक्रारी

मालक गाडी सोडून जातो तेव्हा बहुधा आळस हे कारण नसतं. पंचवीस हजारांचं एस्टिमेट गाडी उघडल्यावर ऐंशी हजारांवर जातं. सुटे भाग येत नाहीत. शेव्हरोले २०१७ च्या अखेरीस भारतीय बाजारातून गेली, फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये इथलं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं. या गाड्यांचे मालक एकेका भागासाठी कश्मिरी गेटच्या बाजारात खेटे घालतात, तेवढ्यात गॅरेजवाल्याच्या लेखी गाडी 'पडून' राहिलेली असते. विम्याचं प्रकरण त्याहून बिकट. जुलै २०२३ मध्ये यमुनेचं पाणी २०८.६६ मीटरवर गेलं आणि दिल्लीतला १९७८ चा उच्चांक मोडला. अशा पुरात पाणी इंजिनात शिरलं की विमा कंपनी आणि मालक यांच्यात वाद सुरू होतो. सर्व्हेअर एक सांगतो, वर्कशॉप दुसरं. दुरुस्तीचा खर्च विम्यातल्या घोषित किमतीच्या पाऊणपटीवर गेला तर गाडी 'टोटल लॉस', पण तो आकडा कोणाचा धरायचा? ही झटापट चालू असेपर्यंत गाडी गॅरेजातच, आणि पार्किंग मालकाच्या नावावर.

जॉब कार्डावरची 'गाडी मालकाच्या जोखमीवर' ही ओळ किती ताकदीची, याचं सर्वांत स्पष्ट उत्तर दिल्लीतल्याच एका खटल्याने दिलं आहे. १९९८ मध्ये ताजमहाल हॉटेलात आलेल्या पाहुण्याने मारुती झेन किल्लीसकट हॉटेलच्या माणसाकडे पार्क करायला दिली, ती चोरीला गेली. हॉटेलने पार्किंगच्या चिठ्ठीवरच्या अटीकडे बोट दाखवलं. १४ नोव्हेंबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की किल्ली घेतली म्हणजे निक्षेप झाला. वाजवी काळजी घेतली होती हे आधी हॉटेलने सिद्ध करायचं, स्वतःचा निष्काळजीपणा छापील ओळीमागे लपवता येणार नाही. गॅरेजला हे शब्दशः लागू होतं असं नाही, पण उभ्या गाडीची बॅटरी, स्टिरिओ, सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गायब झाला तर प्रश्न कोणाला विचारायचा, हे त्यातून कळतं.

ग्राहक आयोगाचं दार मालकाला उघडं आहे. २०१९ च्या कायद्याने तक्रार स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात करता येते, ही एनसीआरमध्ये, म्हणजे राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात, मोठीच सोय : गाडी फरिदाबादला, मालक द्वारकेत. मुदत दोन वर्षांची. पण 'करारातली पार्किंगची अटच अन्याय्य आहे' असं म्हणायचं असेल तर जिल्हा आयोग पुरत नाही, राज्य आयोगाकडे जावं लागतं. एका जुन्या वॅगन-आरसाठी कोण जाणार?

आरसीवरचं नाव

मालकीचा वाद म्हटलं की पहिला हात आरसीकडे, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्राकडे, जातो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात 'मालक' म्हणजे नोंदणी ज्याच्या नावावर तो. फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच पक्कं केलं : गाडी हातोहात विकली गेली असली तरी नोंद बदलली नसेल, तर अपघाताची भरपाई नोंदणीतल्या मालकाला चुकत नाही. मात्र हा अर्थ त्या कायद्यापुरता. खरेदी-विक्रीने मालकी कधी गेली हे १९३० च्या मालविक्री कायद्याने ठरतं, आणि तिथे आरसी हा पुरावा असतो, अंतिम शब्द नव्हे. त्यामुळे गॅरेजमधल्या गाडीवर दोन माणसं दोन कायद्यांनी मालक असू शकतात. एकाचं नाव कागदावर, दुसऱ्याने पैसे मोजलेले, आणि गॅरेजला गाडी आणून टाकणारा तिसराच, बहुधा ड्रायव्हर.

यात बँकही असते. कर्ज फिटेपर्यंत आरसीवर तिची हायपोथिकेशनची, म्हणजे तारणाची, नोंद राहते. हप्ते थकले तर बँक गाडी शोधत गॅरेजात पोचते आणि तिथे धारणाधिकार तिला आडवा येतो. गॅरेजवाल्याने केलेल्या कामामुळेच गाडीची किंमत टिकली, म्हणून त्याचा हक्क आधी, असा युक्तिवाद आहे. बँकेचा हक्क आधी नोंदलेला आणि सगळ्यांना दिसणारा, हा दुसरा. मला पहिला अधिक न्याय्य वाटतो, पण तो केलेल्या कामाच्या बिलापुरता, पार्किंगपुरता नव्हे. मालक मरण पावला असेल तर वारसाने ३० दिवसांत कळवून तीन महिन्यांत नाव बदलायला अर्ज करायचा असतो. गॅरेजात गाडी आहे हेच पुष्कळ घरांत कुणाला ठाऊक नसतं.

दिल्लीतलं गाडीचं वय

इथवरचा वाद पुण्यात किंवा नागपुरातही असाच झाला असता. दिल्लीत त्याला एक वेगळं परिमाण आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१४ मध्ये पंधरा वर्षांवरील सर्व आणि एप्रिल २०१५ मध्ये दहा वर्षांवरील डिझेल वाहनांना एनसीआरच्या रस्त्यांवर मनाई केली. ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पंधरा वर्षांची पेट्रोल आणि दहा वर्षांची डिझेल ही मर्यादा कायम केली. इतरत्र उभी गाडी हळूहळू जुनी होते. इथे ती एका ठराविक दिवशी रस्त्याला मुकते.

नऊ वर्षांची डिझेल गाडी गॅरेजला टाकली, दोघे बिलावरून वर्षभर भांडले, की भांडणाचा विषयच उरत नाही. गॅरेजने रोखून धरलेली वस्तू भंगाराच्या भावाची झालेली असते. उशीर कोणामुळे झाला, यावर मग नुकसानभरपाई ठरायला हवी, पण ती कोणत्या किमतीवर? टाकली त्या दिवशीच्या की मागितली त्या दिवशीच्या? नियमही स्थिर नाहीत. जुलै २०२५ पासून अशा वाहनांना पेट्रोल पंपावर इंधन न देण्याचा आदेश निघाला आणि आठवड्याभरात पुढे ढकलला गेला. १२ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केवळ वयावरून मालकांवर कारवाई करू नये असं सांगितलं, डिसेंबरमध्ये ते संरक्षण बीएस-४ या उत्सर्जन मानकाच्या आणि पुढच्या गाड्यांपुरतं आखडलं. म्हणजे तीच गाडी वर्षभरात मेली, जगली आणि इंजिनाच्या पिढीप्रमाणे कदाचित पुन्हा मेली. गॅरेजवाल्याने तिला दरम्यान कापून विकलं असेल, तर तो कोणत्या दिवशीचा गुन्हा?

कापण्याचाही मार्ग सरळ नाही. २०२१ च्या नियमांनुसार अधिकृत भंगार केंद्रात गाडी मालकाच्या कागदांनिशी जमा करावी लागते आणि जमा-प्रमाणपत्र मिळतं. कागद नसलेली गाडी मग अनधिकृत कबाड्याकडे तुकड्यातुकड्याने जाते, आणि आरसी मात्र जिवंत राहते.

मुदतीचं कोडं

१९६३ च्या मुदत कायद्यात या वादाचा सर्वांत चमत्कारिक भाग आहे. गॅरेजवाल्याला कामाच्या पैशांसाठी काम झाल्यापासून तीन वर्षांत दावा करावा लागतो. मालकाला ठेवलेली वस्तू परत मिळवायलाही तीनच वर्षं, पण ती मोजायची मागणी केल्यावर नकार मिळाला त्या दिवसापासून. नकारच नसेल तर त्याची मुदत सुरूच होत नाही. दहा वर्षांनी येऊनही तो गाडी मागू शकतो. मनूच्या अपवादाची आठवण होते ती इथे.

याच कायद्याचं कलम २७ म्हणतं की ताब्यासाठी दावा करण्याची मुदत संपली की त्या मालमत्तेवरचा हक्कही संपतो. दोन्ही जोडून वाचलं तर असा अर्थ निघू शकतो की 'देत नाही, जा' असं उर्मटपणे सांगणारा गॅरेजवाला तीन वर्षांनी निर्धास्त होतो, आणि 'कधीही या, घेऊन जा' म्हणणारा भला माणूस गाडीला जन्मभर बांधला जातो. कायद्याला हे अभिप्रेत नसणार, पण शब्द तिकडे नेतात.

वाटा

'बेवारस' म्हणून विकण्याचा धोका सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्येच दाखवून दिला. जुनागड संस्थानात जकातीसाठी दोन ट्रक आणि एक स्टेशन वॅगन जप्त झाली. मालकाचं अपील चालू असतानाच ती बेवारस ठरवून मॅजिस्ट्रेटच्या आदेशाने विकली गेली, आणि अपील मालक जिंकला. करार नसतानाही सरकार निक्षेपग्राही, म्हणजे ठेव सांभाळणारं, ठरलं आणि भरपाई द्यावी लागली. सरकारची ही गत, तर गॅरेजची काय होईल?

दिल्लीत १९७८ च्या दिल्ली पोलीस कायद्याचं कलम ६६ पोलिसांना बेवारस मालमत्ता ताब्यात घ्यायला सांगतं. पण मालकाचं नाव माहीत असलेली गाडी बेवारस कशी? ठाण्यात 'यह तो दीवानी मामला है' हे उत्तर ठरलेलं. गाडी बाहेर रस्त्यावर ढकलून पालिकेने उचलण्याची वाट पाहणं हा उपाय काही जण करतात, तो निक्षेपाच्या जबाबदारीचा सरळ भंग आहे. उलट बाजूने मालक विश्वासघाताची फिर्याद देतो, आणि पोलीस त्यालाही तेच वाक्य ऐकवतात.

दिवाणी प्रक्रिया संहितेत मात्र एक दुर्लक्षित तरतूद आहे. आदेश ३९, नियम ६ प्रमाणे दाव्याच्या विषयातली जंगम वस्तू लवकर खराब होणारी असेल किंवा दुसरं पुरेसं कारण असेल, तर न्यायालय निकालाआधीच ती विकायला लावू शकतं आणि भांडण पैशांवर चालू ठेवतं. वयाची तारीख जवळ आलेल्या दिल्लीच्या गाडीसाठी याहून नेमका उपाय सध्या दिसत नाही. अडचण एवढीच की त्यासाठी कुणीतरी आधी दावा लावायला हवा, आणि वकिलाची फी बहुधा गाडीपेक्षा महाग पडते.

इंग्लंडसारखी नोटीस आणि विक्रीची पद्धत आणावी, असं सुचवणं सोपं आहे. विरोधकांची भीतीही खोटी नाही : एस्टिमेट फुगवायचं, मालकाला दमवायचं, मग नोटीस देऊन गाडी भावाच्या नावावर लिलावात घ्यायची. मूल्यांकन त्रयस्थाने करावं, विक्री नोंदणी कार्यालयाला कळवून व्हावी, एवढ्या अटी घातल्या तरी एक लहानसा प्रश्न उरतो. नोटीस पाठवायची कुठे? आरसीवरचा पत्ता लक्ष्मीनगरमधल्या भाड्याच्या खोलीचा, मालक त्यानंतर तीन घरं आणि एक राज्य बदलून गेलेला. वाहन पोर्टलवर गॅरेजवाल्याला नावाची निम्मी अक्षरं फुल्यांनी झाकलेली दिसतात. रजिस्टर्ड पाकीट पंधरा दिवसांनी परत येतं, कोपऱ्यात पोस्टमनच्या अक्षरात 'लेफ्ट', आणि गॅरेजवाला ते गाडीच्या डॅशबोर्डवर, आधीच्या दोन पाकिटांशेजारी ठेवून देतो.